जमीन खालून गेली, त्याबद्दल आभार

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या दंतवैद्याची कंबर कशी असते ते तुम्ही पाहिलं आहे. एकदा जमिनीला टेकलो तर उठवायला दोघं लागतील.) तुमचा रक्तदाब, मामींचा गुडघा आणि तुमच्या कुत्र्याची खाज या तिन्हींची प्रेमाने चौकशी करतो. आईला तुम्ही इतके दिवस ठेवून घेतलंत, तिची पथ्यं सांभाळलीत आणि तिच्या सूचनांनुसार आपलं स्वयंपाकघर दोनदा नव्याने लावलंत, त्याबद्दल तुमचे आणि विशेषतः मामींचे आभार कसे मानू ते कळत नाही. इकडे सगळं ठीक आहे. घर उभं आहे. फक्त आता ते पूर्वीइतकं खोलवर आपलं राहिलेलं नाही, एवढाच फरक. तीच हकीकत सांगायला हे पत्र.

ती नोटीस आल्यावर आई घाबरून तुमच्याकडे आली, तिथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. नोटिशीत म्हटलं होतं की आमच्या गल्लीखालून भुयारी रेल्वे जाणार असून त्यासाठी प्रत्येक घराखालच्या जमिनीचा पट्टा सरकार सार्वजनिक कामासाठी ताब्यात घेणार आहे. मालकाची इच्छा असो वा नसो, नियमाप्रमाणे मोबदला मिळेल आणि हरकत असल्यास सुनावणीला यावं. खरं सांगायचं तर ती वाचून मला आधी आनंदच झाला. घराखाली आपल्या मालकीचं आणखी काही आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी छाती काढून तुमच्या सूनबाईला म्हटलं, "बघ, केवढी मोठी इस्टेट आहे आपली!" ती म्हणाली, "वरचं घर आठवड्यातून एकदा झाडून होत नाही, खालचं कोण झाडणार होतं?" मग मी तुम्हाला फोन केला. तुम्ही वकिली सोडली असली तरी वकिलीने तुम्हाला सोडलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही म्हणालात, "जमीन आपली म्हणजे पार पाताळापर्यंत आपली. शेवटच्या दगडापर्यंत भांड!" (त्याबद्दलही आभार. पुढे तो सल्ला अजिबात उपयोगी पडला नाही, पण त्या रात्री झोप छान लागली.)

खरी अडचण आमच्या घराची नव्हती, शेजारच्या बेकरीवाल्याची होती. गल्लीच्या वळणावर बोगदा थोडा वर येणार होता, म्हणून तिथली घरं कामापुरती रिकामी करायची आणि बेकरीची भट्टी विझवायची, असं त्यांच्या आराखड्यात होतं. ही भट्टी त्याच्या आजोबांनी विटा रचून बांधलेली. ती कधी पूर्ण थंड होऊ देत नाहीत. एकदा थंड झाली की आतल्या विटा तडकतात, आणि तशी भट्टी बांधणारं आता कोणी उरलेलं नाही. आपल्या तीन गल्ल्यांचा पाव तिच्यातून निघतो. नकाशात मात्र तिच्या जागी एक छोटा चौकोन काढून आत 'शेड' लिहिलं होतं. बेकरीवाला तो नकाशा हातात धरून माझ्या दवाखान्यात आला आणि रुग्णाच्या खुर्चीतच बसला. एरवी तो आडदांड माणूस, पण त्या दिवशी तो चौकोन मला नुसता बोटाने दाखवत राहिला. गल्लीच्या वतीने सुनावणीत मी बोलावं असं त्याने आणि समोरच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी ठरवलं होतं. मी म्हटलं, मलाच का? बाई म्हणाल्या, "समोरच्याने मध्ये तोंड न घालता ऐकायची सवय फक्त तुम्हालाच आहे."

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, किंचाळणारा माईक आणि टेबलामागे भूसंपादन अधिकारी. साहेब तसे सरळ दिसत होते, पण त्यांचा डावा गाल आत लिंबू ठेवल्यासारखा फुगलेला. त्यांनी 'भूगर्भातील हक्क' म्हणायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा जे बाहेर पडलं त्याने पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ रडायला लागलं. निम्मी गल्ली हसली, निम्मीला वाटलं, साहेब चिडलेत. मला एकट्यालाच कळत होतं की खालची दाढ पार सडली आहे. मी तुम्ही सांगितलेला पाताळाचा मुद्दा मांडायला उठलो, पण साहेबांनी डोळे मिटून हात वर केला, आणि जेवणाच्या सुट्टीआधीच सुनावणी पुढे ढकलली.

मी दवाखान्यात परत येऊन हात धुतो आहे तोच दारात सरकारी गाडी. चालकाने जवळची पाटी बघून साहेबांना आणलं होतं, आणि जवळची पाटी माझी. साहेब रुमालाआडून कसेबसे म्हणाले, "तुम्ही हरकतदार ना?" मी म्हटलं, "सकाळी. आता तुम्ही रुग्ण." ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं. (हे शटर लक्षात घ्या मामा, इथूनच माझे दिवस फिरले.) दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता. इंजेक्शन दिलं, जबडा बधिर व्हायची वाट बघत बसलो, आणि सवयीने बोलायला लागलो. रुग्णाचं लक्ष दुसरीकडे वळवायला मी एरवी क्रिकेटचं बोलतो. त्या दिवशी भट्टीचं बोललो. ती कशी बांधली, सकाळी गल्लीत वास कसा पसरतो, आजोबांनंतर वडिलांनी ती कशी धगधगती ठेवली आणि आता हा बेकरीवाला कशी ठेवतो, आणि नकाशात ती 'शेड' आहे. साहेबांच्या तोंडात कापूस, आरसा आणि माझी दोन बोटं होती. ते फक्त 'आं' म्हणत होते, आणि ते हो होतं की आई गं, ते मला आजही सांगता येणार नाही. दाढ निघाली. साहेबांनी फी दिली, पावती मागून घेतली, बाहेर पडताना माझा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ हलवला आणि बोलता येत नसल्यामुळे डोळ्यांत पाणी आणून गेले.

हे सगळं समोरच्या खिडकीतून गणिताच्या बाईंनी पाहिलं. सकाळी सुनावणी पुढे ढकलली, दुपारी अधिकारी डॉक्टरकडे, शटर अर्धं खाली, निघताना हातात हात. बाईंनी दोन अधिक दोन केले. संध्याकाळपर्यंत मी अख्खी गल्ली विकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दाराच्या खुंटीला पावाची पिशवी नव्हती. मामा, माझ्या वडिलांच्या वेळेपासून ती पिशवी तिथे असते. आई बाळंतपणाहून घरी आली त्या सकाळीही होती म्हणे. सूनबाई बेकरीत गेली तर बेकरीवाला मान खाली घालून म्हणाला, "पाव संपला, वहिनी." मागे फळीवर पाव रचलेले होते. ती परत आली आणि सोबत नेलेली रिकामी पिशवी धुवून वाळत घातली.

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, सरळ सांगायचं की दात काढला. पण माझ्याकडे कोण आलं, कशासाठी आलं, हे मी बाहेर बोलत नाही. त्यातून त्या सुनावणीत साहेबांचं बोलणं ऐकून निम्मी गल्ली हसली होती. त्यांचं दुखणं मी चव्हाट्यावर कसं मांडू? सूनबाईला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "नका सांगू. आपण आठवडाभर पोळी खाऊ." (तिचेही इथे जाहीर आभार. तिला पोळ्या लाटायचा किती कंटाळा आहे हे आईला माहीत आहे.) तो आठवडा वाईट गेला. लोक नमस्कार करायचे, पण कसे, तर दात दुखत असताना दूरच्या दंतवैद्याकडे जाणाऱ्या माणसासारखे.

पुढच्या सुनावणीला मी मागच्या रांगेत, शेजारी फक्त सूनबाई. साहेब आले ते टेबलामागे न जाता सरळ माईकपाशी. गाल उतरलेला, उच्चार स्वच्छ. म्हणाले, "मी या डॉक्टरांचा रुग्ण आहे. त्यांनी माझी दाढ काढली. त्यामुळे या गल्लीची सुनावणी मी घेणं योग्य नाही, माझ्या सहकारी बाई घेतील." सभागृहात कुजबुज झाली. मग ते म्हणाले, "आणखी एक. या खात्यात मी पुष्कळ हरकती निकालात काढल्या. पण तोंडात कापूस असल्यामुळे पूर्ण ऐकून घेतलेली ही पहिलीच. डॉक्टरांनी स्वतःच्या घराबद्दल एक शब्द काढला नाही. भट्टीबद्दल बोलले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन ती बाहेरून पाहून आलो. ती शेड नाही." आणि ते खाली उतरून श्रोत्यांत बसले. मामा, मी चष्मा पुसत होतो, म्हणून बेकरीवाल्याचा चेहरा मला दिसला नाही. सूनबाई म्हणते, बघवत नव्हता.

नव्या अधिकारी बाई कडक निघाल्या. मान वर न करता प्रश्न विचारत होत्या. भट्टीचं वजन किती, पाया केवढा, थंड केली तर काय होतं. बेकरीवाला उत्तर देताना दोनदा अडला, तेव्हा गणिताच्या बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुमचा पाताळाचा मुद्दाही मी शेवटी मांडला. अधिकारी बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून विचारलं, "म्हणजे तुम्हाला तिथे काही करायचं आहे का?" मी नाही म्हणून खाली बसलो. मग त्यांनी अभियंत्यांना पुन्हा मोजमाप करायला लावलं, आणि अखेर निर्णय आला की वळणावर बोगदा आणखी खाली न्यायचा, तिथल्या हक्कांचा पट्टाही तेवढ्या खोलीपासूनच घ्यायचा, घरं रिकामी करायची नाहीत, भट्टी चालू ठेवायची. जमीन गेली ती गेलीच. मोबदला रीतसर मिळाला, आणि यापुढे आपल्याला विहीर किंवा तळघर खणायला परवानगी लागेल. (मला दोन्ही खणायचं नव्हतं. पण मनाई झाल्यापासून तळघराचे विचार येतात.) त्या सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी खुंटीला पावाच्या दोन पिशव्या होत्या. दुसरी कशाची ते कोणी बोललं नाही. मी बेकरीत गेलो, तर तो नुसता म्हणाला, "डॉक्टर, सांगायचं तरी." मी म्हटलं, "कसं सांगणार?" तो म्हणाला, "तेही खरंच." आणि आम्ही दोघं उभ्या उभ्या गरम पाव खात राहिलो.

बोगदा खणणारं मशीन आमच्या खालून जायचं होतं त्या दिवशी सगळी गल्ली बेकरीत जमली. साहेबही आले, पाहुणे म्हणून. गणिताच्या बाईंनी काउंटरवर पाण्याचा वाडगा ठेवला होता, हादरा बसला तर लगेच कळावा म्हणून. बेकरीवाला भट्टीच्या तोंडाशेजारच्या विटांवर तळवा टेकून उभा, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. एकदा पाणी हललं आणि सगळे वाडग्यावर वाकले, पण ती साहेबांची शिंक होती. मग हादरा कसा ओळखायचा यावर वाद सुरू झाला. वाद रंगात आला असताना अभियंत्याचा फोन आला. मशीन पुढे निघून गेलं होतं. कधी, विचारलं तर म्हणाला, मघाशीच. कोणाला काहीही कळलं नव्हतं. बेकरीवाल्याने तळवा काढला, बघितला, पुन्हा टेकवला. म्हणाला, "गरम आहे," आणि लहान मुलासारखा हसला.

तर मामा, असं सगळं नीट पार पडलं. घराला तडा नाही, भट्टी पेटलेली आहे, साहेब दर महिन्याला दात दाखवायला येतात आणि पावती मागतात. मला या सगळ्यांचे आणि तुमचे आभारच मानायचे आहेत, तक्रार करावी असं कोणी सापडतच नाही. मामींना नमस्कार, आईला अनेक नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवत असाल तर कृपया इथे थांबा आणि पाणी प्यायला म्हणून आत जा.

ता. क. दोन. एकटे आहात ना? आईच्या कपाटातला निळ्या कडेचा चहाचा संच तुम्हाला आठवत असेल, तिच्या लग्नात तुम्हीच दिलेला. मशीन येणार म्हणून काळजीपोटी मी तो फळीवरून काढून तिच्या पलंगावर गादीत गुंडाळून ठेवला. मशीनने एका कपालाही धक्का लावला नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, मी घरी आलो आणि 'हुश्श' करून त्या गादीवर बसलो. एक बशी वाचली आहे. ती सोबत पाठवतो आहे, नमुना म्हणून. तुमच्या चौकातलं ते जुनं दुकान अजून असेल तर तसाच संच मिळतो का पाहा, आणि मिळेपर्यंत काहीही कारण काढून आईला तिकडेच ठेवून घ्या. स्वयंपाकघर तिसऱ्यांदा लावायला सांगा.

ता. क. तीन. आई, तुझ्याकडून काही लपत नाही हे मला माहीत आहे, म्हणजे बशी तुझ्याच हातात असणार. कप मिळोत न मिळोत, तू ये. मामांना दोष देऊ नकोस, आणि माझ्यावर काय ओरडायचं ते घरी येऊन ओरड. खूप दिवसांत ऐकलं नाही.