हयात लेखिकेच्या वाचनाबाबत

प्रति,
मा. सांस्कृतिक अधिकारी,
शहर सार्वजनिक ग्रंथालय, दुसरा मजला.

विषय: आगामी साहित्य सप्ताहाच्या पत्रिकेतील माझ्या पत्नीचे नाव दिवंगतांमधून काढून हयात लेखकांमध्ये घेण्याबाबत, व तिला स्वतः वाचू देण्याबाबत.

संदर्भ: १) आपले निवडीचे पत्र. २) माझा यापूर्वीचा अर्ज, ज्याचे उत्तर तोंडी मिळाले.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून कळवितो की, अर्जदार लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला असून साहित्याशी त्याचा संबंध पत्नीपुरताच आहे. पत्नी एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती. आयुष्यभर तिने लोकांचे फोन वॉर्डांना जोडून दिले. निवृत्तीनंतर त्या फोनांवर कथा लिहिल्या आणि 'जोडून देते' या नावाने त्यांचे पुस्तक निघाले. लिहिलेले प्रत्येक पान ती आधी मला वाचून दाखवी. मला पेंग आली तर ते पान फाडून टाकी, त्यामुळे मी जपून जागा राहत असे.

२. आपल्या सप्ताहातील 'लेखक वाचतात' या कार्यक्रमासाठी निवड झाल्याचे पत्र आले, तेव्हा तिने ते फोनवरून सगळ्या नात्यागोत्यात वाचून दाखवले. जिच्याशी बोलणे टाकले होते त्या माझ्या थोरल्या वहिनीलासुद्धा. मग रोज ओट्यापाशी उभी राहून सराव सुरू झाला. अशाच एका दुपारी सरावात तिचा शब्द अडखळला, पुस्तक हातातून पडले आणि ती पुस्तकाशेजारीच खाली बसली. पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता तिला एकच शब्द येतो, "बरं". चहा हवा असला तरी बरं, नको असला तरी बरं. ऐकू सगळे येते. कळते सगळे.

३. मी आपणाकडे अर्ज केला की ती मंचावर बसेल आणि आमची मुलगी वाचेल. मुलीचा आवाज हुबेहूब आईचा. फोनवर लोक नेहमी फसत. आपल्या कार्यालयातील कारकून बाईंनी अर्ज वाचला, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. नियम असा निघाला की हयात लेखकाने स्वतःच वाचावे. मागे एका लेखकाने आपल्या जागी भाचा पाठवला होता आणि भाच्याने स्वतःच्याच कविता वाचल्या, तेव्हापासूनचा हा नियम आहे. बाई म्हणाल्या, "काका, दुसऱ्यानं वाचलेलं फक्त गेलेल्या लेखकांचं चालतं. पुढच्या वर्षी बऱ्या झाल्या की वाचतील ना त्या." मी म्हणालो, "ती गेलेली नाही हो." "तेच तर अडतंय," बाई बोलून गेल्या, आणि आपण काय बोललो हे लक्षात येताच त्यांनी माझा हात धरला. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे.

४. नंतर छापील पत्रिका निघाली. 'लेखक वाचतात' मध्ये पत्नीचे नाव नव्हते. 'दिवंगतांच्या लेखनातून' या शीर्षकाखाली होते, पुढे 'वाचन: लेखिकेची कन्या'. मी फोन केला. बाई म्हणाल्या, "दुसरी वाटच नव्हती, काका. तुमच्यासाठीच केलं. शीर्षक कोण वाचतंय?"

शीर्षक आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांनी वाचले. हातातले काम टाकून ते जिना चढून आले. दार पत्नीने उघडले, काठी टेकत. ते पायरीवरच बसले. "वहिनी, अहो, मला वाटलं..." एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. पत्नीने डावा हात पुढे करून त्यांच्याकडची पत्रिका मागून घेतली.

५. ती तिने टेबलावर पसरली. आपल्या नावावर बोट ठेवले, ते वरच्या शीर्षकावर नेले, पुन्हा नावावर आणले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं." तिचे निरनिराळे 'बरं' मला आताशा ओळखता येतात. हे ओळखता आले नाही. मी म्हणालो, "अगं, चूक झालीय त्यांची. मी दुरुस्त करून आणतो." तिने मान फिरवली. त्या दिवशी ती जेवली नाही, मला भरवूही दिले नाही.

६. मुलगी रजा काढून आली. म्हणाली, "बाबा, नाव कुठं का असेना, आईचे शब्द तर लोकांच्या कानावर पडतील." आणि आईसमोर बसून वाचू लागली. सुरेख वाचत होती. कथा आईनेच खूण घालून ठेवलेली होती. त्यात एक माणूस आपल्या आजारी आईची चौकशी करायला रोज फोन करतो. एके दिवशी त्याची आई गेलेली असते. ते सांगण्याचा अधिकार ऑपरेटरला नसतो, म्हणून डॉक्टर येईपर्यंत ती त्याला लाइनवर धरून घरचे-दारचे बोलत राहते.

मुलीने पहिला परिच्छेद संपवला आणि पत्नीने पुस्तक तिच्या हातातून काढून घेतले. मांडीवर ठेवले आणि ओळीखाली बोट धरून स्वतः वाचू लागली. आवाज नाही, ओठ मात्र हलत होते. तिला वाचता येत असेल का, असे मी डॉक्टरांना पूर्वी विचारले होते. ते म्हणाले होते, अक्षरे दिसत असतील, अर्थ लागतोच असे सांगता येत नाही. पण कथेत तो माणूस विचारतो, "बाई, तुमच्या घरी कोण कोण?" आणि ऑपरेटर सांगते, "नवरा आहे, पण तो कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असतो." त्या ओळीवर बोट आले आणि पत्नी अर्ध्या तोंडाने हसली. तो विनोद माझ्यावर आहे. मला तो कधीच आवडला नव्हता. शेवटच्या ओळीशी पोचेपर्यंत तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसू दिले नाहीत. मुलगी उठून आत गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत होता.

७. सबब विनंती अशी की, नियमात 'स्वतः वाचावे' असे आहे. 'मोठ्याने' असा शब्द मला त्यात आढळला नाही. पत्नी स्वतः वाचेल. कथेच्या प्रती मुलगी खुर्च्यांवर ठेवील, लोकांनी तिच्याबरोबर मनात वाचावे. ज्यांना उठून जावेसे वाटेल त्यांनी खुशाल जावे. लोकांनी मध्येच फोन ठेवून देण्याची तिला सवय आहे. माइक तिच्यासमोर असावा. त्याचा उपयोग होणार नाही, पण असावा. मंचाच्या पायऱ्या ती चढेल. मी मागे राहीन.

८. पुढच्या वर्षीचे आपल्या कार्यालयाने सुचवले होते. दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, असे डॉक्टरांचे मत आहे. हे मी पत्नीला सांगितलेले नाही. रुग्णालयात जन्म काढलेल्या बाईला ते सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी तिचे नाव आपल्या त्या दुसऱ्या शीर्षकाखाली नियमानेच यायचे असेल, तर येईल. तेव्हा कोणीही वाचावे, अर्जदाराची हरकत राहणार नाही. या वर्षी ती आहे, आणि ती वाचणार आहे.

या अर्जाचे उत्तर पुन्हा तोंडी दिले तरी चालेल. मात्र ते तिच्यासमोर द्यावे.

सोबत: १) पुस्तकाची प्रत, खुणेसह. २) डॉक्टरांचे प्रमाणपत्र. ३) हयातीचा दाखला (बँकेने निवृत्तिवेतनासाठी मान्य केलेला).

आपला नम्र,
(सही)
लेखिकेचा नवरा
दिनांक: ४ डिसेंबर

सहीशेजारील डाव्या अंगठ्याचा ठसा लेखिकेचा आहे. तिने आधी पेन मागून घेतले होते. ठशाच्या वर जी वाकडी रेघ दिसते, ती तिच्या नावाची सुरुवात आहे.