प्रभुभोजनाची बरणी

सोमवार, १७ एप्रिल १९६१

दिवाकरने लिहिलेले कालच्या पंचसभेचे इतिवृत्त वाचले. मुलगा पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून आहे, आमच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस आहे. तरी झालेली गोष्ट झाली तशी लिहिणे त्याला साधत नाही! तो लिहितो, ‘गुरुजींनी स्वतःच्या जावयावर दारू पिण्याचा आरोप केला.’ मी आरोप केला नाही. मी प्रश्न विचारला — रशियन इंजिनियरांच्या मेजवानीत तू पेला उचललास की नाही?

सूर्यकांत उभा राहिला आणि म्हणाला, “उचलला, मामाजी. मिल सुरू झाली म्हणून सगळ्यांनीच उचलला. एक पेला. त्याच्या आधी कधी नाही, नंतर बी नाही.” हे उत्तर इतिवृत्तात नाही. शिवाय मेजवानी १९ मार्चला नव्हती. १८ मार्चला, शनिवारी होती.

मग मी दुसरा प्रश्न केला. एकच पेला, तर मेजवानीनंतर आपल्या घरात हा आंबूस-गोड वास येतो तो कशाचा? सूर्यकांतने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. आणि खाली बसला. निरपराध मनुष्य असा गप्प बसतो काय?

ठराव झाला: सूर्यकांतने मंडळीपुढे पश्चात्ताप व्यक्त करून निर्व्यसनीपणाची शपथ घ्यावी, तोपर्यंत त्याला प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेतल्या भाकर-प्याल्याची, मनाई, आणि त्याच्या मुलाचा २१ मेला ठरलेला बाप्तिस्मा तहकूब. दिवाकर लिहितो ‘सर्वानुमते’. असत्य! रुआबांध्याच्या मैनाबाईंनी हात वर केला नाही. जामुलच्या सिमेंट कारखान्यातल्या कवडूनेही केला नाही. का केला नाही, याचा शोध घेतला पाहिजे.

बुधवार, १९ एप्रिल

चारुलता माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते आणि बाळाला घेऊन आत जाते. मी तिचा बाप आहे आणि तिच्याच घरात राहतो. पण सत्य हे घरापुरते बदलत नाही.

आज सूर्यकांत पाळीवरून आला तेव्हा मीच विषय काढला. शपथ घेऊन मोकळा हो, म्हटले. तो म्हणाला, शपथ घ्यायला हरकत नाही. पण ‘मी व्यसनी आहे’ असे कबूल करणार नाही, कारण मी व्यसनी नाही. पुढे म्हणाला की काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा जो द्राक्षारस केला ते काही सरबत नव्हते. तेच जुने तर्कट! ते लग्न होते, द्राक्षारस संपल्याचा प्रसंग होता, आणि करणारा प्रभू होता. यांतले कोणते कारण पोलादाच्या मिलला लागू पडते? तो म्हणाला, प्रेषिताने आपल्या तरुण सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलेच होते. मी विचारले, तुझे पोट बिघडले आहे काय? तो हसला. प्रतिवाद संपला की माणसे हसतात.

दुर्गच्या मिशन शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. ख्रिस्ती माणसाने मद्य घ्यावे की न घ्यावे, हा माझ्यापुरता कधी प्रश्नच नव्हता. माझ्या जिभेला त्याचा थेंब लागलेला नाही. मद्याची चव कशी असते हे मला सांगता यायचे नाही, आणि हे न सांगता येणे हीच माझी आयुष्यभराची कमाई आहे.

शुक्रवार, २१ एप्रिल

वास आज अधिक आहे. सूर्यकांत सकाळपासून कामावर. म्हणजे बाटली घरातच आहे.

शनिवार, २२ एप्रिल

त्याची पत्र्याची पेटी पाहिली, सायकलची पिशवी पाहिली, कोळशाच्या पोत्यात हात घातला. काही नाही. फार हुशार.

वास सर्वांत दाट कोठीच्या खोलीत येतो. चारुलता म्हणते, “कोक ओव्हनचा असेल, बाबा. वारा तिकडूनच येऊन राहिला.” कारखान्यातल्या त्या कोळशाच्या भट्ट्यांचा, कोक ओव्हनचा, वास मी ओळखतो. तो घशाला झोंबतो. हा गोड आहे. मुलगी नवऱ्यासाठी खोटे बोलू लागली! तिच्या आईने तिला असे वाढवले नव्हते.

रविवार, २३ एप्रिल

आता नवेच. कोठीत प्रभुभोजनाच्या रसाची बरणी आहे. तिच्या तोंडाचे फडके सैल झालेले आढळले.

आमच्या मंडळीत प्याल्यामध्ये मद्य नसते. काळ्या मनुका भिजवून काढलेला रस असतो. मिशनच्या दिवसांपासूनची ही रीत. हा रस माझी पत्नी सुहासिनी करीत असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, तर ती आदल्या शनिवारी मनुका उकळून ठेवी आणि सकाळी गाळी. दर महिन्याला तोच खटाटोप, तोच धूर. ती जानेवारीत गेली. फेब्रुवारीचे काम चारुलताने निभावले. मग ते मी माझ्या हाती घेतले आणि त्याला शिस्त लावली: उन्हाळाभराचा रस एकदाच भिजवून, भरपूर गूळ घालून, मोठ्या चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवला. मोरावळा साखरेत टिकतो. मग रस गुळात का टिकू नये? उकळण्याचे कारण राहिले नाही.

आणि आता फडके सैल! मी स्वतः दोरीचे चार वेढे देऊन बांधले होते. देवाच्या मेजावरचा रस कुणी चोरून पीत असेल, तर तो कोण हे सांगायला पंच नकोत.

लाख वितळवून बरणीचे झाकण बंद केले. वर सुहासिनीच्या अंगठीची मोहर उठवली.

गुरुवार, २७ एप्रिल

लाख फुटली! झाकण तिरपे.

मी चारुलताला बोलावून दाखवले. ती बरणीकडे न पाहता माझ्याकडे पाहत म्हणाली, “बाबा, ही बरणी तुम्ही एकदाची ओतून का देत नाही? मी ताजा रस करते. आई करायची तसा.” पुराव्याची विल्हेवाट लावण्याची घाई कुणाला असते, हे शाळेतल्या पोरांनीसुद्धा मला शिकवले आहे. मी नकार दिला.

तेव्हा तिने दुसरी गोष्ट सांगितली. सूर्यकांतने नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर बदली मागितली आहे. मंजूर झाली तर मे अखेर जायचे. तिकडे दुसऱ्या मंडळीत बाळाचा बाप्तिस्मा करून घेतील.

“आणि मी?” एवढेच मी विचारले.

ती म्हणाली, “तुम्ही यायचं म्हणाल तर तुमची खाट पहिल्या ट्रकवर चढवीन. पण ते काय म्हणून नेतील तुम्हाला, बाबा? पहारा ठेवायला?”

झाकण पुन्हा बंद केले. लाख दुप्पट.

रविवार, ७ मे

प्रभुभोजन झाले. मेजाजवळ येणाऱ्यांची संख्या वाढतच आहे. गेल्या वर्षी पाऊस-ऊन सांगून घरी बसणारे आता जामुलहून बसने येतात. ही आध्यात्मिक जागृती म्हणावी, तर उपदेशाच्या वेळी तीच माणसे डुलक्या घेतात. काहीतरी शिजते आहे.

प्याला फिरवण्याचे काम माझे. कवडूने ओठ लावले ते काढीचना! तीन घोट मी मोजले. प्याला ओढून घ्यावा लागला. मैनाबाईंनी डोळे मिटून घोट घेतला आणि डोळे मिटूनच हसल्या. दुर्गहून आलेले पाळकसाहेब माझ्यासारखेच जन्माचे निर्व्यसनी. त्यांना ठसका लागला. म्हणाले, “गुरुजी, रस यंदा बराच जोरकस उतरला आहे.” मी म्हटले, गूळ उत्तम प्रतीचा आहे.

सूर्यकांत आत आला नाही. बाहेर सायकलीपाशी बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. प्याला फिरत असताना खिडकीतून तो आमच्याकडे पाहत होता. त्या नजरेत पश्चात्ताप नव्हता. काय होते ते मला ओळखता आले नाही.

मंगळवार, ९ मे

बदली मंजूर.

गुरुवार, ११ मे

आज चोर सापडला.

सूर्यकांत पाळीवर, चारुलता बाळाची टोपडी शिवायला शेजारी. बाळाला तेल लावायला मैनाबाई आल्या होत्या. मागच्या अंगणात पाटावर बसून त्याला चोळीत होत्या. मी कोठीत स्टूल टाकून बरणीसमोर बसलो. दार नुसते लोटून घेतले. आज कुणीही आले तरी मला ओलांडून जावे लागणार होते.

कुणी आले नाही. ऊन पत्र्यावर तापत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत, कुणाचाही हात न लागता, लाखेला तडा गेला. झाकण वर उडाले, भिंतीला लागले, आणि बरणीच्या तोंडातून फेस वाहू लागला. दुधासारखा. वास तोच. आमच्या घरातला.

मी मैनाबाईंना हाक मारली. त्या तेलकट हातांनीच आल्या. बरणीत वाकून पाहिलेही नाही, उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, “फुटली का अखेर?”

हे काय आहे, मी विचारले.

“दारू हाये, गुरुजी. चांगली हाये. आमच्या घरी मोहाची काढत होते, ख्रिस्ती व्हायच्या अगुदर. मले नाकानंच समजते.”

केव्हापासून?

“मार्चात जराशी होती. ईस्टरले पक्की झाली. परवाची त इचारूच नका.”

मग सांगितले का नाही, असे मी विचारले. माझा आवाज चढला असावा, कारण अंगणात बाळ रडू लागले. त्या जाता जाता म्हणाल्या, “कसं सांगू? तुमी पयले इचारलं असतं, मैना, तुले चव कशी ठाऊक? मंग मले बी सूर्यकांतसंगं बाहेर उभं केलं असतं. कवडूचं बी तेच. तो म्हणते, म्हयन्यातून एक डाव देवच देऊन राहिला, त आपण कावून बोला?”

ख्रिस्ती माणसाने मद्य घ्यावे काय? आमची सर्व मंडळी मार्चपासून घेत आली आहे. गुडघे टेकून. माझ्या हातून.

बरणी मोरीत ओतली. तळाशी उरलेल्यात बोट बुडवून जिभेला लावून पाहिले. चव प्याल्यातलीच; ती मद्याची, हे मला ठाऊक नव्हते इतकेच.

शनिवार, १३ मे

दिवाकरच्या इतिवृत्तातील दुरुस्त्या. उद्या उपासनेनंतर मी स्वतः उभा राहून वाचीन. काल चारुलताशी बोलून सर्व पडताळले आहे.

बरणी भरली, न उकळता: २५ फेब्रुवारी. इतिवृत्तात उल्लेख नाही.

घरात वास प्रथम आला: इतिवृत्तात २० मार्च. ती तारीख मीच सांगितली होती. खरी तारीख ८ मार्च. त्या दिवशी चारुलताने कोठी दोनदा धुऊन काढली होती.

रशियनांची मेजवानी: १८ मार्च. अर्थात, वासानंतर.

सूर्यकांतने प्याल्यातले मद्य ओळखले: २ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार, पहिल्याच घोटाला. त्याच संध्याकाळी चारुलताला सांगितले. “आईंचं काम मामाजी हातानं करून राहिले, त्यांना बोलू नको,” असे बजावले.

पंचसभेत मी त्याला वास कशाचा ते विचारले, आणि तो माझ्याकडे पाहून खाली बसला: १६ एप्रिल. ही तारीख दिवाकरने बरोबर लिहिली आहे.