बन्सीचं जोतं

वाळूज,
ता. १८ सप्टेंबर १९९१

चि. बन्सीस नानाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे तेवढे कुरकुरतात. गाय व्याली, कालवड झाली. कपाशी पिवळी पडलीय, पण यंदा ती सगळ्यांचीच पडलीय. तू परभणीला गेल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. पाच वर्षं झाली म्हणे. म्हणे काय, मोजलीत मी.

पावसाचं पेपरात वाचलं असशील. गेल्या गुरुवारी पहाटेपासून जो धरला तो सुटेना. दुपारी बाराच्या सुमारास ओढ्याचं पाणी भाडेकरूंच्या खोल्यांत शिरलं.

ओढ्याचं म्हणजे, जिथं ओढा होता तिथलं. मी मुरूम टाकून तो बुजवला आणि वर खोल्या बांधायला घेतल्या, तेव्हा तू ट्रॅक्टरपुढं आडवा उभा राहिला होतास. नोकरीवाल्यानं शेतातलं शिकवू नये, असं मी तुला चारचौघांत बोललो. त्यावरून तू गेलास, तुझ्या नव्या घराचं नुसतं जोतं झालं होतं, ते तसंच टाकून. बोललो ते वाईट बोललो.

पुरुषमाणसं कारखान्यात पहिल्या पाळीला. खोल्यांत बायका, लेकरं, म्हातारी माणसं. गुडघ्याचं पाणी कमरेला यायला वेळ लागला नाही. मी आणि शेजारच्या पुंजारामबाबांनी दोर धरून एकेकाला तुझ्या जोत्यावर नेलं. आजोबांच्या वेळी पूर कुठवर चढला होता, हे तू पुंजारामबाबांनाच विचारलं होतंस आणि त्याच्यावर दोन हात धरून जोतं उचललं होतंस. बन्सीला घरात जायला शिडी लागणार, अशी मी गावभर चेष्टा केली. त्याच जोत्यावर एकवीस माणसं चार तास उभी होती. मीही होतो. पाणी वीतभर खाली थांबलं. जीव कुणाचा गेला नाही.

इथवर लिहून दोनदा पेन खाली ठेवला.

तीन नंबरच्या खोलीत भागूबाई म्हणून एक म्हातारी आहे. ती उगवतीच्या कोपऱ्यावर उभी होती. तिथली कड सुटली आणि ती खाली गेली. पुंजारामबाबांनी लुगड्याला धरून ओढली, पण खुबा मोडला. आता औरंगाबादला घाटी दवाखान्यात आहे. कड सुटली, कारण त्या कोपऱ्याचे घडीव दगड जागेवर नव्हते. गेल्या दिवाळीत मी ते काढले आणि नवव्या खोलीच्या पायाला वापरले. ओसाड पडलंय, कोण विचारतंय, असं वाटलं. तुला विचारलं नाही.

परवा तिला भेटायला गेलो. तिनं माझा हात धरला. "मालक, तुमी येवढं उंच जोतं बांधलं म्हून वाचलो. लई पुण्य लागंल तुमाला." मी मान डोलावली. बन्सी, मी मान डोलावली आणि मोसंब्या ठेवून निघून आलो. घरी आल्यावर तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आज सकाळी पुन्हा गेलो आणि म्हातारीला खरं सांगितलं. जोतं माझं नाही, भावाचं आहे. दगड मात्र मी काढले. ती शिव्या देईल असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो भाऊ कुठं असतो, असं तिनं विचारलं. परभणीला, म्हणालो.

"येवढं जोतं बांधून तिकडं कामून ऱ्हातेत मंग?"



नववी खोली पाडायला घेतली आहे. तुझे दगड तू केलेल्या खुणांसकट सापडले, कोपरा पुन्हा बसेल. बाकीच्या भाडेकरूंची बजाजनगरला सोय झाली की त्याही खोल्या काढून ओढा मोकळा करणार आहे. ट्रॅक्टर या खेपेला मीच हाकीन. ये म्हणायचा हक्क मी घालवलाय, तरी म्हणतो. दाराची चौकट तू आणि सरूनं जोडीनं येऊन बसवा. तुझ्या जोत्याला आता दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.

तुझ्या जोत्यावर उभा राहून वाचलेला,
नाना