शेवटच्या माणसाची शीळ

प्रिय हर्षिता,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे लिहून शेजारच्या भार्गवीच्या हाती पाठवते आहे. रविवारी तू एकटी त्या डोंगरावर, अप्पांच्या लाडक्या बेट्ट्यावर चढणार आहेस, दोरसुद्धा विकत आणलास, असं आमच्या गटातला रघुनंदन सांगत होता. त्यानं तिथून पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तुला अप्पांची शीळ ऐकू आली, आणि ते जिवंत आहेत असं तू धरून बसलीस. आधी माझं पुरतं ऐक.

आमच्या पक्षीवेड्या मंडळींची रीत तुला ठाऊकच आहे. रांगेत शेवटी चालणाऱ्यानं प्रत्येक वळणावर एक लांब शीळ घालायची; ती आली की पुढच्यांनी निर्धास्त चालायचं. अडचण आली तर तीन तुटक शिळा. तशी वेळ कधी आली नव्हती. शेवटची जागा कायम तुझ्या अप्पांची, कारण झुडूप हललं की हे तिथंच उभे! लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला दुर्बीण देणारा माणूस. पडक्या दातामुळे त्यांची शीळ शेवटाला जराशी फाटायची, आणि तू त्यावरून त्यांना चिडवायचीस.

अप्पा हरवले त्या सकाळी माथ्यावर सगळं लख्ख होतं. खाली तळं, लांब आपल्या शहराच्या इमारती, घारी तर आमच्या पायांखालून फिरत होत्या. नव्या मुलांना पिवळ्या गळ्याचा बुलबुल दाखवला म्हणून स्वारी खूश होती. उतरताना धुकं आलं, इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. तरी वळणावळणावर मागून शीळ येत होती, तशीच फाटकी, म्हणून आम्ही थांबलो नाही. तळ्याकाठी मी चित्रान्नाचा डबा उघडला तेव्हाही ती वरून येत होती. ते मात्र आले नाहीत.

धुकं विरलं तेव्हा वाळक्या झाडावर एक भृंगराज दिसला, काळा, शेपटीला दोन लांब तारा असलेला. तो तुझ्या अप्पांची शीळ घालत होता. दुसऱ्यांची नक्कल करण्यात त्या पाखराचा हात कुणी धरणार नाही. वर्षानुवर्षं त्याच वळणावर थांबून अप्पा त्याला शीळ घालून खिजवायचे, त्यानं तो पडका दातसुद्धा उचलला. डोळे मिटून पक्षी ओळखणारे आम्ही सगळे, एका पक्ष्याच्या भरवशावर डोंगर उतरलो.

मग दरी पालथी घातली, तूही होतीस. पलीकडच्या कड्यावरून वाऱ्यावर अर्धवट शीळ यायची आणि आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, पुन्हा तोच पक्षी. तेव्हापासून मी तुला हेच सांगत आले. तुझं ते रेकॉर्डिंग पहिली शीळ आली की मी बंद करायची. मला त्या पाखराचा संताप येतो आणि तुझ्या आशेचाही यायचा.

काल मी ते शेवटपर्यंत ऐकलं. लांब शिळेनंतर थोडी शांतता आहे. मग तीन तुटक शिळा, पुन्हा तीन, पुन्हा तीन, शेवटाला फाटलेल्या. रघुनंदननं पुढचं ऐकलंच नव्हतं, तू पहिल्या शिळेच्याच आनंदात होतीस. हर्षा, हे पाखरू स्वतःहून काही रचत नाही, आणि एकदा ऐकून शिकत नाही. तुझ्या अप्पांनी त्या बेट्ट्यावर त्या दिवसाआधी कधी तीन शिळा घातल्या नव्हत्या. म्हणजे ते तिथंच होते, त्याला पाठ होईपर्यंत. तुझ्यासारखी आशा मला नाही, पण आता मला घरात बसवत नाही. एकटी जाऊ नकोस. मी येते, रघुनंदन येतो, दोर धरायला माणसं येतील. तळ्याकडे नाही, सरळ त्या पलीकडच्या कड्याकडे जाऊ, जिथून तेव्हा अर्धवट शीळ यायची. आणि शीळ आली, तर या वेळी कुणीही तो पक्षी आहे असं म्हणायचं नाही.

तुझीच,
आई