गॅलरीतली पानफुटी

बाई, आज तुमची आठवण झाली ती माझ्याच एका खोट्या वाक्यामुळे. पाचवीच्या वर्गात मी उभा आहे. वहीत ठेवलेल्या पानफुटीच्या पानाचे रोज निरीक्षण करून नोंद करायची होती आणि मी आठवड्याच्या नोंदी एका बैठकीत लिहून काढल्या होत्या. तुम्ही वही उघडलीत. पानाच्या कडेला पांढरी मुळे फुटली होती. माझ्या नोंदीत मात्र ‘बदल नाही’. "पान खरं बोलतंय रे," तुम्ही म्हणालात, "तू का नाही बोलत?" वर्ग हसला. न पाहिलेले पुन्हा कधी मी लिहिले नाही, परवापर्यंत.

माझ्या लग्नात तुम्ही त्याच पानफुटीची कुंडी आणलीत आणि ती पत्नीच्या हाती दिलीत. "हा नुसता बघत बसेल. पाणी तू घाल." तिने ते शब्दशः पाळले. सिंगापूरला येताना तिच्या डायरीत एक पान होते. बेडोकच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्याचे झाड झाले. मी प्रयोगशाळेतून येतो, चष्मा पुसत कुंडीपुढे वाकतो, आणि ती आतून म्हणते, "अहो, आधी चहा घ्या. ते काही तुम्हाला अहवाल देणार नाही."

ती जाऊन आठ महिने झाले.

आमच्याकडे सध्या आफ्रिकेतल्या वनस्पतींचे आणि कीटकांचे जनुकीय आराखडे वाचण्याचे काम चालते. पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायचे, त्यातला डीएनए वेगळा करायचा. मग यंत्र तो चार अक्षरांत वाचत जाते. ती अक्षरे पडद्यावरून वाहू लागली की भरदुपारी मला तंद्री लागते. कुठल्याशा बेटावरचा वारा अंगाला लागतो आणि त्या वाऱ्यात माझी पत्नी केस पुसत उभी असते. आपल्या अंगणातली वाटणारी पानफुटी मुळात मादागास्करची. तिथूनच आलेली एक तरुण सहकारी परवा म्हणाली, "सर, आमच्या रानातलं झाड मी वाचलंय. आता तुमच्या घरचं आणा ना. एवढा प्रवास करून ते किती बदललं, बघू या. दोन पानं पुरेत."

दोनच उरली आहेत. पत्नी गेल्यावर कुंडीला पाणी घालायचे मला कित्येक आठवडे सुचलेच नाही. एका पानातून दहा रोपे होतात आणि दहांतही तोच आराखडा असतो, हे मी इतरांना शिकवतो. तरीही, तिच्या हातचे पाणी प्यालेली पाने हीच.

"झाड मेलं," मी त्या मुलीला म्हणालो. तिने हळूच माझ्यापुढे खुर्ची सरकवली. नमुन्यांच्या यादीत मी स्वतःच्या हाताने ‘नष्ट’ असे लिहिले.

आज सकाळी दोहोंपैकी एक पान गळून पडले. तेच या कागदाच्या घडीत ठेवून पाकीट बंद करतो आहे.

हे अजून टपालात न टाकलेल्या पाकिटाच्या पाठीवर लिहितो आहे, दहा दिवसांनी. पाकीट एका कडेला फुगले आहे. आत काय झाले असेल ते मला ठाऊक आहे, बाई. पण पाहिलेले नाही, म्हणून लिहीत नाही.