म्हातारबाची मान

फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी.

सकाळी म्हातारबाला उचलायला गेले तर केवढ्यानं केकाटला! अंग थरथरत होतं, पाणी प्यायलासुद्धा मान खाली घालवेना. दुकान बंद ठेवून त्याला कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. एकटीनं. मानेचा मणका दुखावलाय. पुढची गोळी संध्याकाळी सातला, पोटात काहीतरी गेल्यावर. लाड म्हणून आपल्या डब्यातली डोकेदुखीची गोळी देशील, तर याद राख. गळ्यात पट्टा घालायचा नाही. त्याच्या वाट्या पालथ्या पातेल्यांवर ठेवल्यात, त्या आवरायला जाऊ नकोस.

आणि उड्या बंद. बाईंनी विचारलं, "या वयात एवढ्या उड्या कशाला मारतो?" काय सांगणार, कपाळ! महिनाभर तू सोफ्यावर झोपतोस, मी पलंगावर, आणि हा बारा वर्षांचा शहाणा रात्रभर इकडून तिकडे आपल्या दोघांची हजेरी घेत फिरतो.

पलंगावरची गादी जमिनीवर टाकली आहे. तुझी उशीही आत नेली आहे. माझा राग गेलाय असं समजू नकोस. मध्ये तो झोपेल.