पाठीकडून लिहिलेलं चरित्र

बाबा, मी तुमच्यावर पुस्तक लिहिलंय. माथेरानला हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाचं चरित्र कोण वाचणार, असं तुम्ही विचारलं असतंत. खालापूरच्या शाळेतली नोकरी संपल्यावर मीही दोन वर्षं स्वतःला तेच विचारत लिहीत होतो. त्यात एक गोष्ट मी मुद्दाम केलीय. अख्ख्या पुस्तकात तुमचा चेहरा कुठेच नाही, फक्त पाठ आहे. भात झोडून झालं की तुम्ही वर जायचात, आणि कॉलेजच्या सुट्टीत मीही यायचो. तुम्ही पुढे ओढायला, मागून लोटायला एकीकडे आपल्या वाडीतले काका आणि दुसरीकडे मी. म्हणून तुमचा राग मी खांद्यांत लिहिला, दमणं मानेवरच्या घामात, आणि आईच्या आजारपणाचे दिवस सदऱ्याच्या उसवलेल्या शिवणीत. आपल्याला हे फार जमलंय असं मला वाटत होतं.

मग प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला. त्या सरळ बोलतात. "पहिली तीस पानं मी हरखून वाचली. साठाव्या पानाला मला माणूस बघायचा होता. शंभराव्याला वाटायला लागलं, तुम्ही काहीतरी लपवताय. ही पाठच का, याचं कारण पुस्तकात सापडलं तर ठेवू. नाहीतर चेहरा लिहा." मी त्यांना मागून लोटण्याचं सांगितलं. "ते कळलं हो," त्या म्हणाल्या, "पण घरी जेवायला तर समोर बसत असतील ना?" मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

राग आला होता. ज्यांनी तो चढ कधी चढला नाही त्यांना काय कळणार, असं म्हणत मी काकांकडे गेलो. ते आता कर्जतला मुलाकडे असतात. नजर गेलीय, पण कान तिखट आहेत. तीन दुपारी बसून सगळं वाचून दाखवलं. वाटलं होतं, ते तरी माझ्या बाजूने बोलतील.

"पाठ बराबर लिवलीस रं," काका म्हणाले. "पन तुजा बापूस तर सारका मागं वळून बगायचा. परत्येक वळनाला. दमलास काय रं, इचारायचा. त्ये कुटं हाय?"

मी म्हटलं, राहून गेलं.

"राहून नाय गेलं. त्यानं बगायचं बंद क्येलं. का त्ये तुला म्हाईत हाय."

माहीत आहे. कॉलेजातल्या माझ्या वर्गातली एक मुलगी आणि तिची आई आपल्या रिक्षात बसल्या आहेत. अर्ध्या चढावर तुम्ही वळता. "दमलास काय रं?" ती आई मला विचारते, हे तुमचे कोण? मी म्हणतो, "गाववाले आहेत." शेजारी काकांचे हात सैल पडतात, रिक्षा क्षणभर थांबते आणि पुन्हा चालू लागते. त्या दिवशी घरी तुम्ही पहिली गरम भाकरी नेहमीसारखी माझ्याच ताटात सरकवलीत. पण त्यानंतर कुठल्याच वळणावर तुम्ही मागे पाहिलं नाहीत, आणि मीही खाली ताटात बघून जेवायला शिकलो.

आज बाईंना कळवलं, पाठ राहू द्या, कारणाचं एक पान पाठवतो. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आता या शैलीला अर्थ आला. मला लाज वाटली. ते पान अजून कोरंच आहे. तिथे लिहायचं ते इथे वहीत तुम्हाला लिहीत बसलोय, आणि हे काही कुठे पाठवायचं नाही. बाईंना वाटतंय, त्या एका पानावर तरी तुमचा चेहरा येईल. तो येणार नाही, बाबा. 'गाववाले' हा शब्द ऐकून तो कसा झाला होता, हे काकांना विचारायचं धाडस मला झालं नाही. मी चाकाकडे बघत होतो.